शाम्पू सोडताना : पाणी, तेल आणि शिकेकाईचे प्रमाण

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. प्रश्न थोडक्यात असा : डोक्याला रसायने नकोत म्हणून त्यांनी दोन महिन्यांपूर्वी शाम्पू पूर्ण बंद केला. आधी खाण्याच्या सोड्याचे पाणी आणि त्यावर व्हिनेगरचे पाणी, असा इंटरनेटवर वाचलेला प्रयोग केला. तो जमेना, तेव्हा तयार शिकेकाई पावडर आणून लावली. आता केस मुळाशी मेणचट आणि टोकांना खरखरीत झाले आहेत, विंचरताना फणीच्या दात्यांना राखाडी थर लागतो आणि गळतीही वाढल्यासारखी वाटते. "डोक्याला सवय होईपर्यंत धीर धरा, दोन-तीन महिन्यांत केस स्वतःच स्वच्छ राहू लागतील," असे त्यांना सांगण्यात आले आहे. धीर धरावा की पुन्हा शाम्पूकडे वळावे, आठ वर्षांच्या मुलीलाही शिकेकाईच लावावी का, आणि यजमानांच्या कोंड्यावर तिचा उपयोग होईल का, असे त्या विचारतात.

ताई, धीर धरण्याचे काही कारण नाही. शाम्पू सोडणे शक्य आहे आणि नाशिकमध्ये ते अवघडही नाही. मात्र तुमचे केस आज ज्या अवस्थेत आहेत ती सवय लागण्याची पायरी नसून केस नीट धुतले जात नसल्याची खूण आहे. माझ्याकडे शाम्पू सोडून फसलेल्या ज्या स्त्रिया येतात, त्यांच्यापैकी बहुतेकींचे गणित तीनच ठिकाणी चुकलेले असते : घरातले पाणी, डोक्यावरचे तेल आणि शिकेकाईचे प्रमाण. शाम्पूच्या जागी काय घ्यावे, हा प्रश्न या तिन्हींच्या नंतर येतो.

आधी त्या "सवयी"बद्दल लिहिते, कारण बहुतेक जणी तिच्यापायीच महिनोन्‌महिने चिकट डोक्याने वावरतात. शाम्पूने तेल सारखे काढून टाकल्यामुळे त्वचा चिडून अधिक तेल तयार करते आणि शाम्पू बंद केला की ती हळूहळू शांत होते, असे सांगितले जाते. ऐकायला हे पटण्याजोगे आहे, पण त्वचेखालच्या तैलग्रंथी मुख्यतः शरीरातील संप्रेरकांच्या हुकमावर चालतात. डोके किती वेळा धुतले याची नोंद त्या ठेवत नाहीत. म्हणूनच वयात येणाऱ्या मुलामुलींचे डोके लवकर तेलकट होते आणि साठीनंतर तेच डोके कोरडे पडते. शाम्पू बंद केल्यावर पहिले काही आठवडे केस वेगळे लागतात हे खरे आहे, पण त्याचे कारण दुसरे आहे. बाजारातील बहुतेक कंडिशनरांत आणि अनेक शाम्पूंत सिलिकोन असते, त्याचा पातळ लेप केसावर बसतो आणि केस गुळगुळीत लागतो. हा लेप उतरला की केसाचा मूळ पोत हाताला जाणवतो. तो पोत आधी झाकलेला होता, एवढेच. टोकांच्या खरखरीतपणाचा काही भाग याच कारणाने आला असावा.

बाकीचा दोष सोड्याचा आणि पाण्याचा आहे. डोक्याच्या त्वचेचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ५.५ च्या आसपास असतो आणि केसाच्या दांड्याचा त्याहूनही कमी, पावणेचारच्या जवळ. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू ८ च्या वर जातो. अशा अल्कधर्मी पाण्यात केसावरचे खवले उघडतात, केस एकमेकांत अडकतात, विंचरताना तुटतात. त्यावर लगेच व्हिनेगर ओतून खवले पुन्हा बसवण्याचा खटाटोप आठवड्यातून दोनदा केला, तर केसाला दोन्ही टोकांचे झटके बसतात. तुमच्या भागात याच्या जोडीला पाण्याची अडचण आहे. जुन्या गावठाणात महापालिकेचे गंगापूर धरणातून आलेले, गोदावरीचे पाणी पुरते. पण पाथर्डी फाटा, इंदिरानगर आणि त्यापलीकडच्या नव्या सोसायट्यांत वापराचे पाणी अनेकदा बोअरचे असते आणि उन्हाळ्यात टँकरचे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात. सोड्यामुळे डोक्यावरच्या तेलातील स्निग्धाम्लांचा साबण होतो, तो साबण या क्षारांशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार करतो, आणि तो साका केसांच्या मुळाशी बसतो. फणीला लागणारा तुमचा राखाडी थर म्हणजे बहुतांशी हाच साका, मृत त्वचा आणि न धुतली गेलेली शिकेकाईची भुकटी. पुढचे सहा महिने थांबलात तरी तो आपोआप जाणार नाही.

पाणी जड, म्हणजे असे क्षारांचे, आहे की नाही हे पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. नळाच्या तोंडाशी आणि गीझरमध्ये पांढरा खर धरत असेल, तूरडाळ त्या पाण्यात लवकर शिजत नसेल, तर उत्तर मिळालेच. तरीही खात्री करायची असेल तर पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घेऊन त्यात साध्या अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि जोरात हलवा. मऊ पाण्यात भरपूर फेस येऊन खालचे पाणी नितळ राहते. जड पाण्यात फेस बसतो आणि पाणी दुधाळ होऊन त्यात कण तरंगतात. ज्यांना आकडा हवा असेल त्यांनी सोसायटीच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणा, म्हणजे हाच जडपणा, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असे म्हटले आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. बोअरच्या पाण्याचा आकडा पहिल्या मर्यादेच्या वर गेला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

शिकेकाईचा मोठा फायदा इथेच आहे. शिकेकाई आणि रिठा यांच्यातील फेसाचे द्रव्य, म्हणजे सॅपोनिन, साबणासारखे क्षारांशी साका धरून बसत नाही आणि त्याचे पाणी सौम्य आम्लधर्मी असते. पण "शिकेकाई साबण" म्हणून मिळणारी वडी हा शेवटी साबणच आहे. ती अल्कधर्मी असते, जड पाण्यात साका करते आणि तिच्यात शिकेकाई किती आहे हे वेष्टनावर वाचून पाहिले तर बहुधा निराशाच होते. शिकेकाईचे चित्र असलेल्या शाम्पूचेही तेच. नैसर्गिक म्हणून त्यांवर अधिक पैसे खर्च करण्यापेक्षा साधा शाम्पू बरा.

आणि शाम्पूला इतके वाईटही ठरवू नये. सोडियम लॉरिल सल्फेटसारखे घटक काही जणांच्या त्वचेला चुरचुरतात, कोरड्या आणि कुरळ्या केसांना ते अधिक रुक्ष करतात, हे मान्य. परंतु त्यांनी कर्करोग होतो ही पसरवली जाणारी भीती खरी नाही. तुम्ही शाम्पू का सोडता आहात याचा एकदा शांतपणे विचार करा. फक्त केस कोरडे पडतात एवढीच तक्रार असेल, तर एक चमचा शाम्पू मगभर पाण्यात कालवून तो केवळ मुळांशी लावणे, लांबीला न चोळणे आणि आठवड्यातून दोनदाच धुणे, इतक्याने बहुतेकींचे काम भागते. शिकेकाईला वेळ द्यावा लागतो. सकाळी सातची शाळा गाठायची असेल तर धुण्याचा वार सुटीचाच धरावा लागेल.

हे सगळे वाचूनही सोडायचेच असेल तर सुरुवात अशी करा. आधी एकदाच, सिलिकोन नसलेल्या साध्या, पारदर्शक शाम्पूने डोके दोन वेळा धुऊन काढा आणि शेवटचे दोन-तीन तांबे मऊ पाण्याने घ्या. हे पाणी पिण्याच्या आरओ फिल्टरचे चालेल, पावसाळ्यात पहिल्या काही सरी जाऊ देऊन गच्चीवर धरलेले पावसाचे पाणी तर उत्तम. पाणी उकळून गार केल्याने क्षारांचा एक भागच खाली बसतो, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नका. एक सूचना मुद्दाम करते : आरओ यंत्राच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत बादलीत साठवतात. फरशी पुसायला ते ठीक आहे. केस त्याने कधीही धुऊ नका, कारण गाळून बाजूला काढलेले सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात. साका फार जुना असेल तर या शाम्पूनंतर लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस घालून ते पाणी केसांवरून सोडा, मिनिटभराने धुऊन टाका. हे एकदाच करायचे आहे. त्याची सवय लावायची नाही. लिंबू लावून उन्हात केस वाळवत बसणे तर टाळाच, कारण लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कपाळावर, मानेवर काळे डाग उठतात.

आता शिकेकाई. मी तयार पुडीपेक्षा अख्ख्या शेंगांचा काढा करायला सांगते. पूड कितीही बारीक दळली तरी तिचे कण दाट केसांत अडकून राहतात, आणि दोन दिवसांनी खांद्यावर जो "कोंडा" दिसतो तो पुष्कळदा न निघालेली शिकेकाईच असते. पाठीच्या मध्यापर्यंत येणाऱ्या मध्यम दाट केसांसाठी बिया काढून तुकडे केलेल्या शेंगा ३० ग्रॅम, रिठ्यांची साल १० ग्रॅम म्हणजे चार-पाच रिठे फोडून, आवळकाठी १० ग्रॅम आणि मेथीदाणे एक छोटा चमचा, हे सारे अर्धा-पाऊण लिटर पाण्यात रात्री भिजत घालावे. शेंगेतील बिया काढणे कंटाळवाणे आहे, पण त्यांना फेस नाही. रिठ्याची काळी गोटीसारखी बीही टाकून द्यावी. सकाळी मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे उकळावे. भांडे मोठे घ्या, कारण रिठा दुधासारखा उतू जातो. भांडे स्टीलचे घ्यावे. लोखंडी कढईत आवळ्यातील टॅनिन या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होऊन पाणी काळेकुट्ट होते, ज्याचा धुण्याला फायदा काही नाही आणि पंचे मात्र डागाळतात. कोमट झाल्यावर हाताने कुस्करून घ्यावे आणि जुन्या मलमलीतून दोनदा गाळावे. गाळलेले पाणी तपकिरी, किंचित बुळबुळीत आणि आंबूस वासाचे असते. बाटलीत घालून हलवले तर बोटभर फेस यावा. फेस लगेच विरला तर शेंगा जुन्या आहेत किंवा प्रमाण कमी पडले आहे. फ्रिजमध्ये हा काढा तीन-चार दिवस टिकतो. वास पालटला की टाकून द्यावा.

प्रमाण सर्वांना सारखे लागत नाही. केस कोरडे असतील तर रिठा निम्मा करा किंवा वगळाच, कारण या मिश्रणात तेल सर्वांत जोरात काढतो तो रिठा. सराफ बाजारात दागिने उजळायला पूर्वीपासून रिठ्याचेच पाणी वापरतात, यावरून त्याची ताकद लक्षात यावी. केस तेलकट असतील तर रिठ्याचे एक-दोन टरफल वाढवा आणि मेथी काढून टाका. मेथीचा चिकट बुळबुळीतपणा केस मऊ करतो, पण जास्त झाली तर तीच चिकटून बसते. जास्वंदीची पाने हाताशी असतील तर पाच-सहा ताजी पाने पाण्यात चुरडून तो लगदा गाळून काढ्यात मिसळावा; मेथीपेक्षा मला ते अधिक आवडते. नागरमोथा, गव्हला, कचोरा, वाळा हे सारे वासासाठी आहे. घालायचे तर जरूर घाला, त्यावाचून अडत काही नाही.

धुण्याची पद्धत मात्र शाम्पूहून वेगळी आहे आणि फसगत होते ती तिथेच. शाम्पू थेंबभर घेऊन डोकेभर फेस करायची सवय हाताला असते. शिकेकाईला तेवढा फेस येत नाही, म्हणून ती लागलीच नाही असे वाटते. केस आधी कोमट पाण्याने मुळापर्यंत पूर्ण भिजवा. यालाच दोन मिनिटे लागतात आणि जड पाण्याच्या घरात थोडी अधिक. कढत पाणी डोक्यावर घेऊ नये, आयुर्वेदात त्याला स्पष्ट मनाई आहे आणि कोरड्या त्वचेला ते आजही बाधतेच. मग पाटावर किंवा स्टुलावर बसून मान मागे टाका आणि काढा भांग पाडून पाडून मुळांवर ओता : मध्यभागी, दोन्ही कानांच्या वर, आणि मानेच्या वरची ती जागा, जी जवळजवळ प्रत्येकीची सुटते. नखे न लावता बोटांच्या पेरांनी तीन-चार मिनिटे चोळा. लांबीला वेगळे चोळण्याची गरज नाही, वरून उतरणारे पाणी तिला पुरते. अर्धा काढा राखून ठेवा. एकदा धुतल्यावर उरलेला पुन्हा ओता, दुसऱ्या वेळी फेस अधिक येईल. मग भरपूर पाणी, आणि पाणी स्वच्छ वाहू लागल्यावरही आणखी दोन तांबे. डोळे घट्ट मिटलेले असावेत. रिठा-शिकेकाईचे पाणी डोळ्यांत गेले तर आग भयंकर होते. चोळू नका, स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा, आणि तासा-दोन तासांनीही लाली, धूसरपणा राहिला तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

इतके करूनही केस चिकट राहिले तर दोष तेलाचा आहे, असे मी जवळजवळ डोळे झाकून सांगते. वाटीभर तेल थापून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी धुवायचे, ही सवय शाम्पूच्या काळात चालून गेली, कारण शाम्पू ते सारे ओढून नेत असे. शिकेकाई चमचाभर तेल काढते. मध्यम लांबीच्या केसांना दीड ते दोन छोटे चमचे खोबरेल पुष्कळ झाले, आणि तेही धुण्याआधी तासभर, मुख्यतः केसांच्या लांबीला. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी झीज कमी करते, म्हणून धुण्यापूर्वीचे तेल कामाचे. धुतल्यावर वरून चोपडलेले तेल धूळ धरून ठेवते. आपल्याकडे थंडीत बाटलीतले खोबरेल गोठते, कारण २४ अंशांच्या खाली ते घट्ट होतेच. तेव्हा बाटली गरम पाण्यात ठेवावी, तेल थेट गॅसवर तापवू नये. आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला भरपूर तेल लागतेच. त्या दिवशी शिकेकाईआधी कोरड्या बेसनाने तेल टिपून घ्यावे किंवा सरळ थोडा शाम्पू वापरावा. व्रत मोडले असे समजू नये.

सुरुवातीला आठवड्यातून दोनदा धुवा. पुढे तुमच्या डोक्याच्या तेलकटपणाप्रमाणे पाच-सहा दिवसांवर जाता येईल, पण न धुण्याची स्पर्धा करू नका. पावसाळ्यात केस दिवसभर दमट राहतात. ओल्या केसांचा अंबाडा बांधून शाळेत गेलात तर मुळाशी वास येतो, खाज सुटते. त्या चार महिन्यांत दुपारी धुता येईल असाच दिवस निवडा. निफाडकडची थंडी नाशकात पोचते तेव्हा त्वचा कोरडी पडते, त्या दिवसांत रिठा कमी करा.

बेसन, मुलतानी माती, दही, ताक, तांदळाचे धुवण, कोरफड यांबद्दलही विचारणा होते. मुलतानी माती तेल चांगले शोषते, पण जड पाण्याच्या घरात ती धुऊन काढणे हीच शिक्षा आहे. दही-ताक केस मऊ करते, स्वच्छ करत नाही. तांदळाच्या धुवणाचा गाजावाजा त्याच्या गुणांपेक्षा मोठा आहे. कोरफडीचा गर लावण्याआधी पान कापून त्यातला पिवळा चीक पूर्ण वाहू द्यावा, नाहीतर खाज येते.

गळतीविषयी. रोज ५० ते १०० केस गळणे हे स्वाभाविक आहे. शाम्पूने एक दिवसाआड धुणारीला ते दर धुण्याला थोडे थोडे दिसतात, तर आठवड्याने धुणारीला आठवड्याचे सगळे एकाच वेळी मोरीच्या जाळीवर दिसतात, आणि पोटात गोळा येतो. सोड्यामुळे तुटलेले केस त्यात मिसळलेले असतील. दोन्हींतला फरक पाहता येतो : गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ असते, तुटलेल्याला नसते. गाठ असलेले केसच खूप असतील आणि दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा कडक उपास झालेले असतील, तर गळतीचे कारण ते आहे. तसे काही नसेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉईडची तपासणी करून घ्या. मुळापासून होणारी गळती शिकेकाईने थांबत नाही, शाम्पूने सुरू होत नाही.

मुलीला शिकेकाई चालेल, पण रिठा वगळून, पातळ काढा करून आणि आठवड्यातून एकदाच. आठ वर्षांचे मूल डोळे मिटून फार वेळ बसत नाही, म्हणून तिला आडवे निजवून, मान मोरीकडे करून धुणे सोपे जाते. शाळकरी मुलींत उवा हमखास होतात आणि शिकेकाईने त्या मरत नाहीत. केस ओले करून बारीक दातांच्या फणीने दर तीन-चार दिवसांनी दोन-तीन आठवडे नेटाने विंचरणे, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने परमेथ्रिनचे औषध, हे दोन खात्रीचे मार्ग. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी लावण्याचा प्रघात आपल्या जिल्ह्यात अजून आहे. तो कृपया बंद करा. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. डोक्यावर गोल चकता पडून तिथले केस मुळाशी तुटलेले दिसले तर तो बुरशीचा गजकर्ण असू शकतो. त्याला पोटात घ्यायचे औषध लागते, वरचे कुठलेही धुणे पुरत नाही.

यजमानांच्या कोंड्यावर माझे मत त्यांना कदाचित रुचणार नाही. चिकट, पिवळसर पापुद्रे, सोबत भुवयांत आणि नाकाच्या कडांना लाली, असे असेल तर तो मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीशी निगडित विकार आहे. ही बुरशी सर्वांच्याच त्वचेवर असते आणि तेलावर जगते. म्हणजे "टाळू कोरडी पडली म्हणून कोंडा झाला" असे समजून तेल लावत राहणे, हे तिला रोज जेवण वाढण्यासारखे आहे. इथे शिकेकाईचा हट्ट धरू नये. त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने दोन टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू, सामान्यतः आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे ठेवून धुवावा आणि तेल पूर्ण बंद करावे. महिनाभरात बहुधा आराम पडतो. पापुद्रे जाड, चंदेरी असतील आणि कोपरा-गुडघ्यांवरही असतील तर तो सोरायसिस असण्याची शक्यता आहे, त्याचे उपचार वेगळे.

तुमच्या प्रश्नात नाही, तरी नाशिकच्या वाचकांसाठी इतके लिहिणे भाग आहे. दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत फवारणी करणारे, छाटणीनंतर काडीवर हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावणारे मजूर आणि शेतकरी यांनी त्याच दिवशी साबण किंवा शाम्पूनेच भरपूर पाण्याखाली डोके धुवावे. औषध अंगावर असताना शिकेकाईची सौम्यता कामाची नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ग्रीस आणि कटिंग ऑईलमध्ये काम करणाऱ्यांनाही हेच लागू. दम्याच्या रुग्णांनी शिकेकाईची पूड हाताळू नये, तिच्या धुळीने शिंकांचा आणि खोकल्याचा झटका येतो. काढा त्यांना चालतो. पांढऱ्या केसांवर शिकेकाई-आवळ्याची पिवळट तपकिरी छटा बसते, ती ज्यांना नको त्यांनी आवळा वगळावा. आणि झाकण्यासाठी म्हणून "काळी मेंदी" घेत असाल तर पाकिटावर पॅराफिनिलीनडायअमाईन किंवा पीपीडी हा शब्द शोधा. शुद्ध मेंदीचा रंग तांबूसच येतो. थेट काळा येत असेल तर त्यात बहुधा हे रसायन किंवा नीळ आहे, आणि पीपीडीची अॅलर्जी तोंड सुजण्यापर्यंत जाते.

शेंगा रविवार कारंजा, मेन रोडच्या बाजूच्या काष्ठौषधींच्या दुकानांत सुट्या मिळतात. घेताना शेंग मोडून पाहा; चांगली शेंग सुरकुतलेली, तांबूस तपकिरी असते आणि कडकन मोडते. वाकणारी शेंग ओलसर आहे, बारीक भोके पडलेली किडकी. रिठे मात्र थोडे चिकट, सोनेरी सालीचे असावेत. वाजणारे, पूर्ण सुकून गेलेले रिठे जुने. पूडच हवी असेल तर शेंगा दोन दिवस कडक उन्हात वाळवून, मसाला दळणाऱ्या गिरणीत आधी विचारून मगच द्याव्यात, कारण शिकेकाईनंतर जात्यात पडणारे पुढचे दळण कडू होते आणि सगळ्या गिरण्या ती घेत नाहीत. दळून आणलेली पूड तीन-चार महिन्यांत संपवावी. शेंगा हवाबंद डब्यात कोरड्या ठेवल्या तर वर्षभर टिकतात, फक्त पावसाळा सुरू होण्याआधी त्यांना एकदा ऊन दाखवावे.